मृगाआधी परसातलं तळं

सकाळी ६. चिपळूणजवळचं परसदार, मे सरत आलेला. खड्डा काल खोदून झाला: आठ फूट लांब, पाच फूट रुंद, मध्ये दोन फूट खोल, कडेला फूटभर खोलीवर हातभर रुंद पायरी. जागा पाच-सहा तास उन्हाची, फणसाच्या मुळांपासून लांबची आणि पावसाळी पाणवाट सोडून.

७. गवंडीकाका लेव्हलची नळी घेऊन काठावर फिरतात. "वहिनी, ह्या अंगाला बोटभर उतार हाय." पाणी भरल्यावर तेवढाही उतार दिसतो आणि उघडा पडलेला अस्तराचा प्लास्टिक कागद उन्हानं कुजतो. उतरती बाजू माती ठोकून उचलतो.

८.३०. जांभ्यात पाणी मुरतं, म्हणून अस्तर हवंच. खोदलेल्या जांभ्याची टोकं मात्र कागद फाडतात. ती मोडून दोन इंच चाळलेली माती, वर जुनी गोणपाटं.

१०. कागद शेततळ्याचाच, ५०० मायक्रॉनचा. लांबीत खोलीची दुप्पट आणि काठासाठी दोन फूट मिळवायचे, रुंदीतही तसंच. म्हणजे १४ × ११ फूट. उन्हात पसरला की मऊ पडतो. आत उतरायचं ते अनवाणी.

११.३०. विहिरीचं पाणी हळूहळू सोडतो. त्याच्या वजनानं कागद बसत जातो, तसतशा चुण्या सारख्या करायच्या. दीडेक हजार लिटर मावेल. नळाचं पाणी भरलं, तर क्लोरीन उडायला दोन दिवस थांबावं.

१.३०. जेवण, वामकुक्षी.

३. काठाला चिरे, पाण्यावर दोन इंच पुढे काढलेले. उरलेला कागद त्यांच्याखाली. एका कोपऱ्यात सांडवा, तोंडाशी बारीक जाळी, पाणी माडाच्या आळ्यात. बेडकांना, खारींना चढून येता यावं म्हणून दगडांचा एक उतार.

४.३०. ऊन कललं की लागवड. कुमुदिनीचा कंद पसरट कुंडीत आडवा, कोंब मातीबाहेर. माती चिकट, वर खडीचा थर. कोकोपीट तरंगतं आणि शेणखतानं शेवाळ माजतं, म्हणून दोन्ही नको. कुंडी आधी विटांवर. पानं पाण्यावर आली की एकेक वीट काढायची. पायरीवर वेखंड आणि जलब्राह्मी. जलपर्णी कुणी फुकट दिली तरी घेऊ नये.

६. अंड्यातून डास व्हायला आठवडा पुरतो. म्हणून "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" हे भिंतीवरचं वाक्य चार दिवसांत अमलात आणायचं. सांडव्याची जाळी त्यांच्यासाठीच: गप्पी परदेशी मासा, ओढ्यात जाता कामा नये.

पहिले काही आठवडे पाणी हिरवं दिसेल, बदलू नका. पानांनी अर्धं पाणी झाकलं की निवळतं. मात्र घरात लहान मूल असेल, तर काठाला कुंपण घातल्याशिवाय पंपाचं बटण दाबू नका. तळ्याची सगळी महत्त्वाची कामं पाणी सोडण्याआधीची आहेत, त्यातलं हे पहिलं.