विश्लेषण : नागपूरकरांना पचमढी इतकी जवळची का? मुक्कामाचे बुकिंग करताना काय तपासावे?

पारा ४५ अंशांकडे सरकला की नागपुरात पचमढीचे बेत सुरू होतात. शाळांच्या सुट्यांत आणि नागपंचमीच्या आसपास सातपुड्यातील या गावात खोली मिळणे कठीण होते. मग मिळेल तिथे घाईने पैसे भरले जातात आणि ऐनवेळी फसवणूक किंवा जादा बिलाचा मनस्ताप पदरी पडतो.

नागपूर आणि पचमढीचे नाते काय?

१८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि नागपूर त्याची राजधानी ठरली. उन्हाळ्यात प्रांताचा कारभार पचमढीला हलू लागला. कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी १८६२ मध्ये तिथे बांधलेले ‘बायसन लॉज’ हे या डोंगरावरील सुरुवातीच्या बंगल्यांपैकी एक. आज तिथे वनविभागाचे संग्रहालय आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि पचमढी मध्य प्रदेशात राहिली. राज्ये वेगळी झाली, पण नागपूरकरांची वाट बदलली नाही. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ वाहायला आणि नागपंचमीच्या नागद्वार यात्रेला विदर्भातून मोठ्या संख्येने भाविक जातात.

तिथे गारवा किती?

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, तर पचमढी हजार मीटरहून थोडी अधिक उंचीवर आहे. दर हजार मीटरमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे केवळ उंचीमुळे पडणारा फरक पाचेक अंशांचा. मे महिन्यातील दुपार तिथेही तापतेच, खरा गारवा पहाटे आणि रात्री जाणवतो. त्यामुळे उन्हाळ्यात खोलीला एसी किंवा कूलर आहे का, हे विचारावे. पावसाळ्यात जुन्या बंगल्यांत ओल असते, तेव्हा वरच्या मजल्यावरची किंवा हवेशीर खोली मागावी.

खोलीवर जीएसटी किती?

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. त्यापेक्षा महाग खोलीवर १८ टक्के. चार हजारांच्या खोलीवर पूर्वी १२ टक्क्यांनी ४८० रुपये कर लागत असे, आता २०० रुपये लागतो. ७,५०० रुपयांची खोली करासह ७,८७५ रुपयांना पडते, पण ७,६०० रुपयांची खोली ८,९६८ रुपयांवर जाते. शंभर रुपयांच्या फरकाने हजारावर बोजा वाढतो. म्हणून सांगितलेला दर करासह आहे की कराविना, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे.

सेवा शुल्क द्यावेच लागते का?

नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हॉटेल किंवा रेस्टॉरंटला बिलात सेवा शुल्क आपोआप जोडता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या सूचना कायम ठेवल्या. बिलात ते दिसल्यास काढायला सांगावे. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

फसवणूक कशी ओळखायची?

नामांकित रिसॉर्टच्या नावाने हुबेहूब संकेतस्थळ तयार केले जाते किंवा इंटरनेटवर भलताच मोबाइल क्रमांक टाकला जातो. व्हॉट्सअॅपवर सुंदर फोटो येतात, ‘शेवटचीच खोली’ असे सांगून पूर्ण रक्कम आगाऊ मागितली जाते. यूपीआयवर हॉटेलऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर थांबावे. मध्य प्रदेश पर्यटन महामंडळाची हॉटेले महामंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच बुक करावीत. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आणखी काय विचारावे?

चेक-आउट ठरावीक वेळेला आहे की चोवीस तासांच्या हिशेबाने? नागपूरहून रात्री निघून पहाटे पोहोचणाऱ्यांचे यात एका दिवसाचे भाडे वाचू शकते. बुकिंग रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे. ओळखपत्र म्हणून आधारचे पहिले आठ अंक झाकलेली ‘मास्क्ड’ प्रत देता येते. धूपगडसारख्या ठिकाणी जाण्यासाठी वनविभागाचा परवाना आणि स्थानिक जिप्सी लागते, तो खर्च भाड्यात धरलेला नसतो.

पचमढीला खोली नसेल तर?

अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हा विदर्भातला पर्याय आहे. उंची सुमारे १,१०० मीटर, म्हणजे गारवा जवळपास तेवढाच. तिथे राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. मात्र पावसाळ्यातील शनिवार-रविवारी तिथेही गर्दी उसळते. शक्य असल्यास सोमवार ते गुरुवारचा बेत आखावा.