स्वादुपिंडदाहात सीटी स्कॅन: केव्हा आणि कशासाठी

सीटी स्कॅनशिवाय तीव्र स्वादुपिंडदाहाचे निदान होत नाही, हा या आजाराबद्दलचा सर्वांत पक्का बसलेला गैरसमज आहे. २०१२च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या की निदान पुरे होते: पोटाच्या वरच्या भागात अचानक उठलेली, बऱ्याचदा पाठीत जाणारी तीव्र कळ; रक्तातले लायपेज किंवा अमायलेज कमाल मर्यादेच्या निदान तिप्पट; आणि स्कॅनमध्ये दिसणाऱ्या ठरावीक खुणा. पहिल्या दोन बाबी बहुतेक रुग्णांत दाखल होतानाच जुळतात, त्यामुळे तिसरीची वाट पाहावी लागत नाही.

स्कॅन खरा उपयोगी पडतो तो शंका उरते तिथे. कळ सुरू होऊन चार-पाच दिवस उलटल्यावर रुग्ण आला, तर अमायलेज तोवर खाली आलेले असू शकते. ट्रायग्लिसराइड फार चढलेले असतील तर अमायलेजचा आकडा फसवा, नॉर्मल येतो. जठराचा व्रण फुटला किंवा आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तरी दुखणे असेच वाटते आणि तिथे उशीर जिवावर बेततो. अशा वेळी पहिल्याच दिवशी सीटी करणे योग्यच.

एरवी ‘जितका लवकर तितका बरा’ हे सीटीला लागू नाही. शिरेतून दिलेले आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट रक्ताबरोबर ग्रंथीत पोचते; जिवंत भाग उजळतो, मृत भाग काळसर राहतो. मात्र ऊतींचा हा मृत्यू, म्हणजेच नेक्रोसिस, पहिल्या एक-दोन दिवसांत स्पष्ट उमटत नाही. म्हणून नेक्रोसिसचा अंदाज घ्यायचा असेल, तर दुखणे सुरू झाल्यापासून ७२ ते ९६ तासांनी केलेला स्कॅन अधिक भरवशाचा. आजार सौम्य असेल तर सीटी पूर्ण नॉर्मलही दिसू शकतो. पहिल्या रात्रीचा चांगला रिपोर्ट पाहून नातेवाईक निर्धास्त होतात. तो रिपोर्ट पुढच्या तीन दिवसांची हमी नसतो. कॉन्ट्रास्टविना काढलेल्या सीटीत सूज आणि द्रव दिसतो, नेक्रोसिसचा विस्तार मात्र नीट कळत नाही.

आजाराची तीव्रता फिल्मवरून ठरते, हाही समज अर्धाच खरा. १९९० पासून वापरात असलेला बाल्थाझारचा सीटी निर्देशांक सूज, द्रव आणि नेक्रोसिस यांना मिळून ० ते १० गुण देतो. पण अटलांटा वर्गीकरणात ‘गंभीर’ म्हणजे एखाद्या अवयवाचे काम ४८ तासांहून अधिक काळ बिघडलेले असणे. ते श्वास, रक्तदाब आणि क्रिएटिनिनवरून कळते, फिल्मवरून नव्हे.

कारण शोधण्याच्या बाबतीत महागड्या तपासणीपेक्षा साधी सोनोग्राफी वरचढ ठरते. पित्ताशयाचे खडे हे या आजाराचे एक प्रमुख कारण. कित्येक खड्यांची घनता पित्ताइतकीच असल्याने सीटीत ते निसटतात. म्हणून सोनोग्राफी प्रत्येक रुग्णाची करतात. उलट आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड सोनोग्राफीत अनेकदा झाकले जाते.

स्कॅनमध्ये ‘पाणी’ दिसले की ते काढायचे, असे नसते. सुरुवातीचे बरेचसे द्रवसंचय आपोआप जिरतात. उरलेल्यांभोवती साधारण चार आठवड्यांत भिंत तयार होते, आणि निचरा करायची वेळ आली तरी शक्यतो तोवर थांबणे सुरक्षित ठरते. संचयात वायूचे बुडबुडे दिसले तर जंतुसंसर्गाचा दाट संशय येतो. प्रकृती ढासळत असेल किंवा ताप हटत नसेल, तर त्यासाठी पुन्हा सीटी करणे रास्त आहे. रोज मात्र नाही, कारण प्रत्येक स्कॅनबरोबर किरणोत्सर्गाची भर पडते.

कॉन्ट्रास्टमुळे मूत्रपिंड हमखास निकामी होते, ही भीती अवास्तव आहे. जोखीम मुख्यतः आधीच मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांत असते, म्हणूनच स्कॅनपूर्वी क्रिएटिनिन पाहतात. गर्भवतींत किंवा कॉन्ट्रास्टची गंभीर ॲलर्जी असलेल्यांत कॉन्ट्रास्टविना एमआरआय हा पर्याय असतो. पित्तनलिकेतले खडे त्यात सीटीपेक्षा चांगले दिसतात.