कुजबुज म्हणजे लहान आवाज नव्हे

नवी दिल्ली स्टेशनातून पहाडगंजच्या बाजूने बाहेर पडलं की हळू बोलायची सोयच उरत नाही. रिक्षावाले, हॉटेलांचे दलाल, मेन बाजारातले हॉर्न. याच पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. इथल्या मराठी पोराच्या कानावर घरात मराठी, गल्लीत हिंदी-पंजाबी आणि पुस्तकातून इंग्रजी पडते. श्वास आणि आवाज यांविषयीचे समज पारखायला ही जागा बरी.

गैरसमज पहिला: कुजबुजणं म्हणजे आवाज बारीक करून बोलणं. तसं नाही. हळू बोलताना स्वरतंतू कंप पावतातच, फक्त जोर कमी असतो. कुजबुजताना ते कंप पावतच नाहीत. अरुंद फटीतून हवा घासत जाते आणि जीभ-ओठ त्या सरसरीलाच अक्षरांचा आकार देतात. गळ्यावर बोट ठेवून आधी हळू, मग कुजबुजत ‘आई’ म्हणून पाहा.

इंग्रजीतले ‘व्हिस्पर’ आणि ‘मर्मर’ एकच, हा दुसरा. रोजच्या बोलण्यात दोन्ही शब्द जवळजवळचे. ध्वनिशास्त्रात मात्र ‘मर्मर’ ही निराळी क्रिया आहे. तंतू कंप पावत असतात आणि त्याच वेळी हवाही निसटत असते. हे साहेबाकडून शिकायला नको. घ, ध, भ यांत तेच घडतं, ‘न्हाणी’तल्या न्हमध्येही तेच. दर दोन वाक्यांआड ‘म्हणजे’ म्हणणारा मराठी माणूस दिवसभर मर्मर करत असतो, अगदी भांडताना ओरडत असला तरी! ऋग्वेदाच्या उच्चारांवरच्या ऋक्प्रातिशाख्य या ग्रंथाने हा हिशेब फार पूर्वीच मांडला: कंठ उघडा तर श्वास, मिटलेला तर नाद, मधल्या स्थितीत दोन्ही, आणि ह, घ, भ वगैरे वर्ण या मधल्या खान्यातले. एकोणिसाव्या शतकात विल्यम ड्वाइट व्हिटनी यांच्यासारख्या जाड्या संस्कृतज्ञाला ही मधली अवस्था पटली नव्हती. १९५३ साली डब्ल्यू. एस. ॲलन यांनी प्राचीन भारतीय ध्वनिविचारावर पुस्तक लिहिलं, त्यात या जुन्या ग्रंथकारांचं निरीक्षण बरोबर ठरवलं.

मग पंजाबी शेजाऱ्याला घ-भ म्हणता येत नाही, असं आपण हसून म्हणतो, त्याचं काय? फाळणीनंतर पहाडगंजात पंजाबी निर्वासित येऊन वसले, त्यांच्याबरोबर ‘पाजी’ही आलं. हे ‘भाजी’, म्हणजे भाऊ. मराठी कानाला मात्र शिवी वाटते. उच्चार इथे बिघडलेला नाही. पंजाबीने शब्दारंभीच्या घ-भातला श्वास सोडला आणि त्याची भरपाई सुराने केली. तिथे ‘कोडा’सारखे ऐकू येणारे तीन शब्द आहेत: एक चाबूक, एक घोडा, एक कुष्ठरोगी. फरक सुराच्या चढउताराचा. त्यामुळे पंजाबीत कुजबुजणं जरा जोखमीचंच. कंप नाही तर सूर कुठला? ऐकणारा संदर्भावर निभावून नेतो.

‘व्हिस्पर’च्या स्पेलिंगमधला एच म्हणायचा असतो, हाही एक समज. जुन्या इंग्रजीत तो डब्ल्यूच्या आधी लिहीत आणि उच्चारीतही; आज स्कॉटलंड-आयर्लंडसारखे काही भाग सोडले तर तो बहुतेकांच्या तोंडून गेला आहे.

सगळ्यात महागात पडणारा समज मास्तरांचा आणि नटांचा: घसा बसला की कुजबुजावं, आवाजाला विश्रांती मिळते. २००६ साली अमेरिकेतल्या काही घसातज्ज्ञांनी शंभर रुग्णांचे घसे दुर्बिणीतून पाहिले. त्यातल्या ६९ जणांच्या स्वरयंत्राच्या वरच्या भागावरचा ताण कुजबुजताना वाढला, १८ जणांत फरक पडला नाही, १३ जणांचा कमी झाला. म्हणजे कुजबुज प्रत्येकाला बाधतेच असं नाही. पण आपण त्या तेरांतले की एकोणसत्तरांतले, हे आरशात कळत नाही. त्यापेक्षा मोजकं बोला, जवळ जाऊन बोला, आणि साध्या हळू आवाजात बोला. घसा तीन-चार आठवड्यांत सुटला नाही, तर खडीसाखर बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.