सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी. पण कोणत्या घरी?



स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरील भगिनी मला आधी एकच विचारतात, "दवाखान्यात किती दिवस?" घरी लेकरे, शेळ्या आणि रोजची मजुरी असते. महिनाभर खाटेवर पडावे लागेल या धास्तीने काही जणी गाठ अंगावर काढतात. त्यांच्यासाठी हा लेख.

आज अनेक मोठ्या रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया करून त्याच दिवशी रुग्णाला सोडतात. हे शक्य होते, कारण स्तनासाठी पोट किंवा छातीचा पिंजरा उघडावा लागत नाही. भूल उतरल्यावर बाई काही तासांत उठते, खाते, चालते. फक्त गाठ आणि काखेतील एक-दोन ग्रंथी काढल्या असतील तर बहुधा त्याच संध्याकाळी सुट्टी मिळते. पूर्ण स्तन काढला तर काही ठिकाणी त्याच दिवशी, काही ठिकाणी एक-दोन दिवसांनी.

सर्वांनाच हे लागू नाही. हृदयविकार, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा फार कमी रक्त असेल तर मुक्काम करावा लागतो. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ आहे. भूल देताना प्राणवायू किंवा शरीरातील पाणी कमी पडले, अंग गार झाले, तर सिकलसेलचा त्रास उसळू शकतो. म्हणून सिकलसेलचे कार्ड डॉक्टरांना आधीच दाखवावे.

आता खरा मुद्दा. "घरी जा" म्हणताना डॉक्टरांनी धरलेले असते की रुग्णालय जवळ आहे, फोन लागतो आणि पहिले चोवीस तास सोबत जाणते माणूस आहे. जिथून आजाऱ्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, तो पाडा या हिशेबात बसत नाही. रात्री जखमेतून रक्त आले तर? म्हणून आपल्या भगिनींसाठी त्या दिवसाचे 'घर' म्हणजे रुग्णालयाजवळची धर्मशाळा किंवा नातेवाइकांची खोली. तशी सोय नसेल तर मुक्काम मागावा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. अमेरिकेत विमा कंपन्या बायकांना घाईने घरी धाडतात अशी ओरड झाली, तेव्हा १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ४८ तास राहू देणारा कायदा करण्याचे आवाहन संसदेला केले होते.

काही वेळा जखमेत नळी ठेवून सोडतात. तिच्या बाटलीत जमलेले पाणी रोज ठरल्या वेळी मोजून लिहायचे असते. साधारणतः ते दिवसाला ३० मिलिलिटरच्या खाली आले की नळी काढतात. लिहिता येत नसेल तर आशाताईंची मदत घ्यावी. त्या हाताने हंडा किंवा मोळी उचलू नये, मात्र सांगितलेला व्यायाम करावा, नाहीतर खांदा आखडतो. ताप, पू, अचानक सूज किंवा बाटलीत भराभर लाल रक्त दिसले तर थांबू नये, लगेच दवाखाना गाठावा.

एका दिवसात शस्त्रक्रिया होते, उपचार संपत नाही. काढलेल्या गाठीचा अहवाल आल्यावर औषधे, केमो किंवा किरणोपचार ठरतात. म्हणून कार्यकर्त्यांनी तारीख घेतानाच तीन गोष्टी विचाराव्यात: रात्री राहायचे कुठे, फोन कोणाला करायचा, आणि परत कधी यायचे?