साताऱ्याचा ४१५००१ मूळ संख्या आहे का?

सातारा शहराचा पिनकोड ४१५००१ दिसतो अगदी मूळ संख्येसारखा. विषम आहे, शेवटी ५ नाही, अंकांची बेरीज ११, म्हणजे ३ ने भाग जात नाही. ७, ११, १३ नेही नाही. ६१३ च्या आधीच्या सर्व १११ मूळ संख्यांनी भागून पाहिले तरी बाकी उरतेच. मग ६१३ ने मात्र नेमका भाग जातो: ४१५००१ = ६१३ × ६७७. दोन्ही अवयव मूळ.

सांगलीच्या ४१६४१६ चे तसे नाही. तीन अंकी गट पुन्हा आला की संख्येला १००१, म्हणजे ७ × ११ × १३ ने भाग जातोच.

साताऱ्याची संख्या फोडायला सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांची रीत विलक्षण देखणी ठरते. वर्गमूळ ६४४ हून किंचित मोठे, म्हणून ६४५ चा वर्ग घ्यावा: ४१६०२५. त्यातून ४१५००१ वजा केल्यास उरतात १०२४, म्हणजेच ३२ चा वर्ग. म्हणून अवयव ६४५ − ३२ आणि ६४५ + ३२. पहिल्याच पायरीत उत्तर!

अवयव एकमेकांच्या जवळ असल्यानेच हे जमते. त्यामुळे आरएसए सांकेतिकीकरणात प्रचंड मूळ संख्यांची जोडी निवडताना त्या फार जवळच्या नाहीत, हे तपासतात. २०४८ बिटांच्या आरएसए किल्लीतला गुणाकार ६१७ अंकी असतो.