ध्रुव दीड मुठीवर

कोकणातल्या नांदगाव तिठ्यावरून जरा आत, दिवे नसतील अशा जागी जा. उत्तरेकडे तोंड करून हात ताठ धरा आणि मूठ आवळा. क्षितिजापासून साधारण दीड मुठीवर ध्रुव सापडेल. गाव जितक्या अक्षांशावर, तितके अंश ध्रुव वर. नांदगाव १६ अंशांच्या आसपास आहे. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोत हाच तारा सात मुठींवर चढतो. ध्रुवप्रकाश बघायला जायचं ते तिथवर.

सूर्याकडून सुटलेला विद्युतभारित कणांचा झोत एक ते तीन दिवसांत पृथ्वीजवळ येतो आणि तिचं चुंबकीय क्षेत्र हलवून सोडतो; हेच चुंबकीय वादळ. मग चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या एकेका कड्यात इलेक्ट्रॉन खाली कोसळतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर त्यांनी ऑक्सिजनला धडक दिली की हिरवा उजेड, दोनशेच्या वर तांबडा; हाच ध्रुवप्रकाश. उत्तरेकडचं कडं एरवी ध्रुवाच्या आसपासच असतं, पण वादळ मोठं असलं की दक्षिणेकडे पसरतं. मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानलेला क्षितिजावर तांबूस झाक दिसली ती अशीच. इतक्या लांबून फक्त वरचा तांबडा थरच नजरेत येतो.

आणि ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री ध्रुवप्रकाश चक्क मुंबईतून दिसला! वर्तमानपत्रात तशी बातमी आहे.

त्याहून थोर गोष्ट मुंबईतल्याच कुलाब्याची. २ सप्टेंबर १८५९ ला तिथल्या वेधशाळेत टांगलेल्या चुंबकाने चुंबकीय क्षेत्रात १६०० नॅनोटेस्लांची घसरण दाखवली. आकडे माणसं डोळ्यांनी वाचून लिहीत. क्षेत्र बिथरलं की दर पाच-पंधरा मिनिटांनी. त्या दिवशीच्या चुंबकीय वादळाचा जोर काढायला शास्त्रज्ञ आजही तीच नोंदवही उघडतात. पुढे विजेच्या ट्राम येणार, त्यांनी वेध बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं. तिथे आजही मोजमाप चालतं.

आता आपल्या बेताचं. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर ढग फार. स्वीडनमधलं अबिस्को डोंगरांच्या आड आहे. घाट ओलांडला की आपला पाऊस जसा तुटतो, तसे तिथे ढग विरळ होतात. डोळ्यांना प्रकाश फिका, कधी राखाडीच दिसेल. फोटोतला गडद हिरवा रंग कॅमेऱ्याच्या लांब एक्स्पोजरचा असतो, हे आधीच मनाशी धरा.

मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत मात्र जाऊ नका. २० मे ते २२ जुलैच्या सुमारास ट्रॉम्सोत सूर्य मावळतच नाही, मग दिसणार काय? सप्टेंबरात विषुवदिनाच्या आसपास चुंबकीय वादळं जास्त होतात, पण गणपती सोडून कोकणी माणूस हलायचा नाही. उरली दिवाळी. रात्र मोठी झालेली, शाळेला सुट्टी आणि आकाशात चंद्र नाही. तिकीट त्या अमावास्येला धरून काढा, व्हिसाचं काम गणपतीआधीच उरका आणि मुक्काम किमान चार रात्रींचा ठेवा.