उन्हाळाभर झोपणारं पेव

बीडमध्ये राहून भरपूर पाणी पिणारं फुलझाड लावायचं? घरी आयडिया सांगितली, तर आई म्हणाली, "आधी टँकरला नंबर लाव, मग बाग लाव." तिचं काय चुकलं? आपल्याकडे पाऊस मुळात कमी, तोही जून ते सप्टेंबरमध्येच येऊन जातो.

पण म्हणूनच मी पेव लावलं. कोकणात, सह्याद्रीत ओलसर सावलीत वाढणारं हे आपलं रानफूल. उंची माणसाएवढी, कधी जास्तही. पानं दांड्याभोवती जिन्यासारखी गोल फिरत वर जातात. टोकाला लालसर कणसातून क्रेप कागदासारखी पांढरी फुलं येतात. दिसायला न्हाणीच्या पाण्यावर वाढणाऱ्या कर्दळीची बहीणच! फरक इतकाच, की कर्दळ मूळची अमेरिकेतली आणि पेव इथलं.

पेव म्हटलं की आपल्याला जमिनीत धान्य साठवायचं पेव आठवतं. गंमत म्हणजे हे झाडही तसंच वागतं. पावसाळ्यात खाऊन-पिऊन सगळी पुंजी जमिनीखालच्या कंदात भरून ठेवतं. थंडीत वरचा भाग वाळतो आणि कंद उन्हाळाभर झोपतो. म्हणजे टँकरच्या दिवसांत ते पाणी मागतच नाही. लॉनला मे महिन्यातही पाणी लागतं, याला नाही.

हे मला आधी माहीत नव्हतं. डिसेंबरात कुंडी सुकली, तेव्हा मेलं समजून फेकायला निघाले होते. आईच म्हणाली, "राहू दे कोपऱ्यात." जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि मातीतून लालसर कोंब वर आला!

तुम्हालाही लावायचंय? मग पावसाच्या तोंडावर नर्सरीतून कंद आणा, जंगलातून उपटू नका. मोठी कुंडी घ्या. नुसती काळी माती चिकट होते, त्यात वाळू आणि शेणखत मिसळा. कंद दोन-तीन इंच खोल लावा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी जागा बघा. ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली, की तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी घाला. आणि हो, औषधी आहे म्हणून कंद स्वतःच्या मनाने खायचा नाही.

दुष्काळी गावात बाग करायचीच नाही, असं थोडंच आहे? फक्त झाडाची तहान आणि आपला पाऊस यांचं टाइमटेबल जुळलं पाहिजे. आता आईच विचारते, "कोंब आला का गं?"